वर्ल्डकपच्या गटसाखळीसाठी सांगलीत भाड्याने मिळणारा प्रोजेक्टर-पडद्याचा संच : घ्यावा का?

आयपीएलच्या फायनलसाठी सांगलीत पडदा आणि प्रोजेक्टर भाड्याने मिळवणं अवघड नाही. विश्रामबागपासून मिरजेपर्यंत साउंडवाले, मंडपवाले, लग्नाचं शूटिंग करणारे असे कितीतरी जण तो देतात. पण तो संच एका रात्रीचा असतो. फुटबॉल वर्ल्डकपच्या गटसाखळीला, म्हणजे बाद फेरीआधी चार-चार संघांच्या गटांत होणाऱ्या सामन्यांना, तो पुरत नाही. ११ जून २०२६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर मेक्सिको-दक्षिण आफ्रिका सामना सुरू होईल, तेव्हा आपल्याकडे १२ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचे साडेबारा वाजलेले असतील. तिथून २८ जूनच्या सकाळपर्यंत १२ गटांचे मिळून ७२ सामने होतील. म्हणजे सतरा दिवस, तेही रात्री-पहाटेचे आणि ऐन पावसाच्या तोंडावरचे.

मिरज रस्त्यावरच्या एका साउंड-लाईटवाल्याने खास या सतरा दिवसांसाठी संच काढला आहे. सोसायटीचा किंवा तालमीचा हॉल, साठ-सत्तर माणसं, हा त्याचा हिशोब. विश्रामबागच्या एका हॉलमध्ये हा संच मे महिन्यात दोनदा लावून तपासला, एकदा रात्री आणि एकदा सकाळी खिडक्या उघड्या ठेवून. थोडक्यात सांगायचं तर पहिल्या तेरा दिवसांसाठी संच उत्तम आहे. शेवटच्या चार दिवसांसाठी तो आहे तसा घेऊ नये, त्यात तीन बदल करून मागावा. त्या चार दिवसांत प्रत्येक गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात आणि गटसाखळीचा खरा रस त्यातच असल्यामुळे हे बदल नीट समजून घ्यायला हवेत.

संचात काय येतं ते आधी. ४,५०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) लेझर प्रोजेक्टर आणि बारा फूट रुंद, पावणेसात फूट उंच पडदा, ही मुख्य जोडी. दुसरी जोडी म्हणजे ३,३०० ल्युमेनचा दिव्याचा प्रोजेक्टर आणि आठ बाय साडेचार फुटांचा पडदा. दहा इंची दोन स्पीकर, छोटा मिक्सर, एक डिश आणि एक सेटटॉप बॉक्स, मोबाईल इंटरनेटचा राउटर, टीव्हीला लावायची स्ट्रीमिंगची काडी, ११०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची एक बॅटरी. शिवाय चार बाय तीन फुटांचा पांढरा फळा, लोहचुंबकाच्या पट्ट्या आणि एक ऑपरेटर. एका पडद्याचं भाडं रात्रीला २,८०० रुपये, दोन पडद्यांचं ४,५००. तेरा दिवस एक पडदा आणि चार दिवस दोन, असं धरलं तर ५४,४०० होतात. पूर्ण सतरा दिवसांचं ठरवलं तर तो ४५,००० घेतो. डिपॉझिट दहा हजार. साठ जणांनी वाटून घेतलं तर माणशी साडेसातशे पडतात. ज्या मालाला हे पैसे आहेत तो माल पाहता भाव रास्त आहे.

चित्राबद्दल तक्रार करायला जागा नाही, हॉलमध्ये अंधार असेपर्यंत. बारा फुटांच्या पडद्यावर खेळाडूच्या पाठीवरचा नंबर चाळीस फुटांवरून वाचता येतो. याचं एक कारण असं की ऑपरेटर प्रोजेक्टर टेबलावर ठेवून वर तिरपा करत नाही. तो लोखंडी स्टँडवर पडद्याच्या उंचीला आणतो आणि अठरा फुटांवर सरळ समोर लावतो. तिरपा लावून कीस्टोनच्या बटणाने चौकट सरळ केली की चित्र सरळ दिसतं खरं, पण प्रोजेक्टर त्यासाठी चित्राचे ठिपके खातो आणि सगळं जरा फिकं, पुसट होतं. क्रिकेटमध्ये हे चालून जातं, कारण तिथे कॅमेरा चेंडूच्या जवळ असतो. फुटबॉलमध्ये अर्धं मैदान एका चौकटीत असतं आणि चेंडू वाटाण्याएवढा. तिथे पुसटपणा लगेच जाणवतो.

दुकानातून येतो तेव्हा प्रोजेक्टर 'डायनॅमिक' मोडवर असतो. त्यात मैदान पोपटी होतं आणि पांढरे कपडे फटफटीत दिसतात. 'सिनेमा' किंवा 'नॅचरल' करून घ्यावं. चित्र गुळगुळीत करणारी जी सोय मेनूत असते ती बंद करावी, कारण लांबच्या पासला चेंडूमागे शेपूट दिसू लागतं. आणि सेटटॉप बॉक्सचं आउटपुट १०८०आय, ५० हर्ट्झवर ठेवावं. कमी ठेवलं तर कॅमेरा वेगाने फिरला की चित्र ठेचकाळतं. ऑपरेटरला हे माहीत आहे. पण सांगितल्याशिवाय तो करत नाही, तेव्हा सांगावं.

आता उजेडाचं. वेळापत्रक नीट पाहिलं तर आपल्याकडे सामने रात्री साडेनऊपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत सुरू होत राहतात. सांगलीत जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे दिवसातले एक-दोन सामने उजेडात पडणार हे ठरलेलं. शेवटच्या चार दिवसांत तर नक्कीच : २५ जूनला सकाळी साडेसहाला मेक्सिकोच्या गटाचे सामने, २६ ला साडेसातला अमेरिकेच्या गटाचे, २७ ला साडेआठला बेल्जियमच्या आणि २८ ला साडेसातला अर्जेंटिनाच्या गटाचे. प्रोजेक्टर काळा रंग तयार करू शकत नाही. दिवे लावलेल्या किंवा उघड्या खोलीत पडदा जेवढा पांढरट दिसतो, त्यापेक्षा काळं त्यावर काहीच उमटत नाही. म्हणून सकाळच्या चाचणीत हिरवळ राखाडी झाली, सावलीतल्या भागातला चेंडू सापडेना. जास्त ल्युमेनचा प्रोजेक्टर मागून हा प्रश्न सुटत नाही, पैसे मात्र दुप्पट होतात. हॉल अंधारा करणं हाच उपाय, आणि भाड्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलं आहे की ती जबाबदारी घेणाऱ्याची.

मंडपवाल्याकडचं काळं कापड एकेरी लावलं तर उजेड झिरपतो, दुहेरी लावावं. शेतावर शेततळ्याला किंवा गंजीवर टाकतात तो जाड काळा कागद त्याहून सरस, पण मग हवा कोंडते आणि जूनच्या दमटपणात साठ माणसांना दोन तास बसवत नाही. वरच्या झरोक्यांना कागद, खालच्या खिडक्यांना दुहेरी कापड आणि दोन एक्झॉस्ट पंखे, अशी व्यवस्था चालली. पडदा कुठल्या भिंतीवर हेही आधी ठरवावं. पूर्वेच्या खिडक्यांसमोरच्या भिंतीवर पडदा लावला की सकाळचा सगळा उजेड थेट त्यावरच येतो. बहुतेक हॉलमध्ये स्टेज आहे म्हणून पडदा स्टेजवरच बांधतात. स्टेज पश्चिमेला असेल तर ती सवय इथे नडते.

आवाज. हा कायद्याचाही विषय आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकर लावता येत नाही. सभागृह, कम्युनिटी हॉल अशा बंद जागेला सूट आहे, पण आवाज आतल्या आत राहिला पाहिजे. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणून मैदानात किंवा गच्चीवर पडदा ताणायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो सोडून द्यावा. ७२ सामन्यांपैकी बरेचसे रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत पडतात. या संचातले दहा इंची स्पीकर हॉलला गरजेपेक्षा मोठे आहेत. त्यांचा खर्ज कमी करून, खुर्च्यांच्या मध्यभागाकडे वळवून, छातीच्या उंचीवर ठेवले की कमी आवाजात समालोचन स्पष्ट ऐकू येतं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर ठेवले तर पुढच्यांचे कान बसतात आणि मागच्यांना काही कळत नाही, मग कोणीतरी आवाज वाढवतो, आणि मग शेजारचे येतात.

लाईट जाणं हा सांगलीच्या जूनमधला हमखास विषय. पाऊस-वाऱ्याने दोन मिनिटं गेली आणि आली तरी फुटबॉलमध्ये तेवढ्यात गोल होऊन जातो. इन्व्हर्टर संचात आहे हे चांगलं; पण पहिल्या चाचणीत मुख्य स्विच पाडला तेव्हा प्रोजेक्टर चालू राहिला आणि सेटटॉप बॉक्स बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्याला परत चित्र आणायला दीड-दोन मिनिटं लागतात. कारण शोधलं तर साधं होतं. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. ते नॉर्मलवर होतं. नॉर्मलवर बदल व्हायला जो क्षण जातो तो पंख्याला, ट्यूबलाईटला कळत नाही, बॉक्सला कळतो. बटण यूपीएसवर केल्यावर पाच वेळा स्विच पाडला, एकदाही बॉक्स हलला नाही. एक लक्षात ठेवावं : यूपीएस मोडवर व्होल्टेज थोडं घसरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. ज्या भागात रात्री व्होल्टेज कमी असतं तिथे लाईट असूनही बॅटरी उतरत राहील, तेव्हा सोबत स्टॅबिलायझर हवा.

बॅटरीचा हिशोबही घालून पाहिला. एका पडद्यावर लेझर प्रोजेक्टर, बॉक्स, राउटर आणि हळू आवाजात स्पीकर मिळून साधारण चारशे वॉट लागतात, त्यावर बॅटरी अडीच तास टिकते. यंदा प्रत्येक अर्धात तीन मिनिटांची पाणी पिण्याची विश्रांती ठेवली आहे, त्यामुळे मध्यंतर आणि जादा वेळ धरून सामना दोन तासांच्या थोडा पुढे जाईल. तरी पुरतं. दोन्ही पडदे लावले की मात्र दीड तासात इन्व्हर्टर ओरडायला लागतो. म्हणजे ऐन शेवटच्या पंचवीस मिनिटांत. पहिला बदल हा : शेवटच्या चार दिवसांसाठी दुसरा इन्व्हर्टर-बॅटरी मागावी आणि प्रत्येक पडदा वेगळ्या इन्व्हर्टरवर टाकावा. त्याचा आणखी एक फायदा असा की एक बिघडला तरी दुसरा पडदा राहतो. दुकानदार यासाठी दिवसाला सहाशे रुपये जास्त सांगतो. द्यावेत.

दुसऱ्या पडद्याच्या दिव्याच्या प्रोजेक्टरबद्दल इथेच सांगून टाकतो. लेझरवाला बंद पडला तर लगेच सुरू होतो. दिव्याचा प्रोजेक्टर तापलेला असताना बंद पडला की दिवा निवेपर्यंत पुन्हा पेटत नाही, आणि त्यात काही मिनिटं जातात. म्हणून कमजोर इन्व्हर्टर कुठला असेल तर तो लेझरला द्यावा, चांगला दिव्यावाल्याला. ऑपरेटरने नेमकं उलट जोडलं होतं, महागडी वस्तू म्हणून.

आता मुख्य गोष्ट, दोन पडद्यांची.

गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी का होतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना दुसरा पडदा चैन वाटणार नाही. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधल्या हिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. अल्जेरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे जर्मनी एका गोलने जिंकली की दोघेही पुढे जातात आणि अल्जेरिया बाहेर, हे दोघांनाही आधीच ठाऊक होतं. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवत काढला. त्यानंतर शेवटचे सामने एकत्र घ्यायचं ठरलं. तेव्हापासून गटाचं भवितव्य एका मैदानावर ठरत नाही, दोन मैदानांच्या मध्ये ठरतं. एकच पडदा असेल तर अर्धाच सामना पाहिल्यासारखं होतं.

कतारच्या स्पर्धेतला ई गट आठवून बघा. आपल्याकडे २ डिसेंबर २०२२ चे रात्रीचे साडेबारा. एकीकडे जपान-स्पेन, दुसरीकडे जर्मनी-कोस्टारिका. दहाव्या-अकराव्या मिनिटाला जर्मनी आणि स्पेन दोघांनी गोल केले, मध्यंतराला दोघे निवांत पुढे. मग ४८व्या आणि ५१व्या मिनिटाला जपानचे दोन गोल. दुसऱ्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला की नाही हे व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी, तपासलं आणि चेंडूचा कडेचा भाग रेषेच्या वर होता म्हणून गोल दिला. ५८व्या मिनिटाला कोस्टारिकाची बरोबरी, ७०व्या मिनिटाला त्यांची आघाडी. त्या क्षणी जपान आणि कोस्टारिका पुढे, स्पेन आणि जर्मनी दोघेही घरी. तीन मिनिटांनी जर्मनीच्या हावर्ट्झने बरोबरी केली आणि स्पेन स्वतः काही न करता परत आत आला. शेवटी जर्मनी ४-२ ने जिंकूनही बाहेर गेली : गुण स्पेनएवढेच चार, पण गोलफरक (केलेले गोल वजा घेतलेले गोल) स्पेनचा अधिक सहा आणि जर्मनीचा अधिक एक. ही तीन मिनिटं एका पडद्यावर पाहता येत नाहीत. संच गटसाखळीच्या लायकीचा आहे का, हे तपासायला यापेक्षा चांगला सामना नाही, म्हणून चाचणीसाठी याच दोन सामन्यांच्या वेळा समोर ठेवल्या.

तिथे संच कमी पडला. एक डिश, एक बॉक्स. म्हणून मोठ्या पडद्यावर डिश आणि छोट्यावर इंटरनेटवरचं स्ट्रीमिंग, अशी त्याची मांडणी. इंटरनेटवरचं चित्र डिशपेक्षा अर्धं मिनिट आणि कधी त्याहून मागे असतं. एकटा सामना पाहताना ते कळत नाही. दोन शेजारी लावले की घोळ होतो. मोठ्या पडद्यावरचा समालोचक "तिकडे गोल झाला" म्हणून सांगतो आणि छोट्या पडद्यावर अजून कॉर्नरची तयारी चाललेली असते. खिशातला मोबाईल तर दोघांच्या आधी वाजतो. म्हणून दुसरा बदल : दोन्ही पडद्यांना एकाच प्रकारचा पुरवठा. एका डिशला दोन तोंडांचा एलएनबी (डिशच्या पुढचं सिग्नल पकडणारं डोकं) बसवून दोन बॉक्स घेतले आणि दोन्ही सामने दोन वाहिन्यांवर असले, तर फरक एखाद-दुसऱ्या सेकंदाचा राहतो. वाहिनी एकच सामना दाखवत असेल तर दोन्ही पडदे स्ट्रीमिंगवर टाकावेत, दोन सारख्याच काड्या, एकाच राउटरवर. चांगल्या चित्राला एका सामन्यासाठी आठ एमबीपीएस लागतं, दोघांना मिळून वीस तरी स्थिर हवं. मोबाईल राउटरवर पहाटे साडेतीनला ते मिळतं, सकाळी साडेसातला मिळेल याची खात्री नाही. हॉलजवळच्या घरातून किंवा दुकानातून फायबरची वायर ओढता आली तर बघावं. एका सामन्याला सात-आठ जीबी जातात, मोबाईलचा रोजचा पॅक धरून बसू नये.

डिश हटवून टाकावी असा मात्र याचा अर्थ नाही. पहिल्या तेरा दिवसांत तीच बरी. पण जोराच्या पावसात डिशचा सिग्नल जातो. पावसाचं पाणी ती लहर शोषून घेतं, त्यावर इलाज नाही. पाच-दहा मिनिटं स्ट्रीमिंगवर जायचं आणि परत यायचं. प्रोजेक्टरला दोन एचडीएमआय जागा आहेत, दोन्हीकडे दोन पुरवठे आधीच जोडून ठेवले की रिमोटच्या एका बटणाचं काम. लांब वायरबद्दल एक खबरदारी : संचात पंधरा मीटरची ऑप्टिकल एचडीएमआय आहे, तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी लावली की काहीच दिसत नाही, आणि माणूस बॉक्स खराब झाला म्हणून तासभर शोधत बसतो. टोकांना रंगीत टेप लावून ठेवावी.

आवाज एकाच पडद्याचा ठेवावा. दोन्हीकडचे समालोचक एकदम बोलू लागले की डोकं उठतं. ऑपरेटरने मिक्सरवर दोन्ही घेतले होते. शेवटच्या दिवसांत ज्या सामन्याचा निकाल अधिक अडकलेला आहे त्याचा आवाज, आणि दुसरीकडे गोल झाला की मिक्सरवर बोट सरकवायचं. हे काम फुटबॉल कळणाऱ्या माणसाचं आहे, ते ऑपरेटरवर टाकू नये.

फळ्याचं मनापासून कौतुक करतो. भाड्याच्या संचात गुणांचा फळा देण्याची कल्पना सांगलीत दुसऱ्या कोणी केलेली दिसली नाही, आणि गटसाखळी नव्या माणसाला समजावून सांगायला त्यासारखं साधन नाही. चार संघांच्या चार चुंबकी पट्ट्या, त्यापुढे सामने, गुण, गोल केले, गोल घेतले, फरक. गोल झाला की एक पोरगं उठतं, आकडा पुसतं, पट्टी वर-खाली सरकवतं. पट्टी सरकताना हॉलमध्ये जो आवाज उठतो तो गोलाच्या आवाजाइतकाच मोठा असतो. पट्ट्या चार इंच उंच आहेत, मागच्या रांगेतून वाचता येतात. फळा दोन पडद्यांच्या मधोमध ठेवावा, कडेला नको, आणि त्यावर एक छोटा दिवा असा लावावा की उजेड पडद्यावर सांडणार नाही. वाचनाचा क्लिपवाला दिवा पुरतो.

पण फळ्यावरचे रकाने जुन्या नियमांचे आहेत. हा तिसरा बदल. कतारपर्यंत वर्ल्डकपमध्ये गुण सारखे झाले की आधी संपूर्ण गटातला गोलफरक पाहत. यंदा आधी बरोबरीत असलेल्या संघांचा आपसातला निकाल पाहायचा आहे, मग आपसातला गोलफरक आणि गोल, आणि त्यानंतर सगळ्या सामन्यांचा गोलफरक. म्हणजे फळ्यावर 'आपसात' असा रकाना गुणांच्या लगेच पुढे हवा. कार्डांचाही हवा. २०१८ ला जपान आणि सेनेगल गुण, गोलफरक, गोल, आपसातला सामना, सगळ्यात सारखे झाले आणि जपान चार पिवळ्या कार्डांवर पुढे गेला. सेनेगलची सहा होती. पिवळ्याला एक गुण वजा, दोन पिवळ्यांमुळे आलेल्या लालला तीन, थेट लालला चार, आणि पिवळ्यानंतर थेट लाल असेल तर पाच. हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं की वाद होत नाहीत.

आणि दुसरा फळा लागेल. १२ गटांतले पहिले दोन, म्हणजे २४ संघ, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या १२ संघांतले सर्वोत्तम ८, अशी ३२ जणांची बाद फेरी आहे. तिसऱ्यांची ही यादी शेवटच्या सामन्यापर्यंत हलत राहते. ए गट २५ जूनच्या सकाळी संपेल, पण त्यातल्या तिसऱ्याला आपलं काय झालं हे कदाचित २८ च्या सकाळी कळेल. २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत हंगेरीवर ही वेळ आली : २३ जूनला स्कॉटलंडविरुद्ध नव्वद अधिक दहाव्या मिनिटाला गोल करून तीन गुण मिळवले, आणि मग तीन दिवस हॉटेलात बसून राहिले. जॉर्जियाने पोर्तुगालला २-० हरवलं आणि हंगेरी मैदानात न उतरता बाहेर पडली. त्या रात्री जॉर्जियाचा सामना बघणाऱ्याच्या समोर तिसऱ्यांची यादी असती तर एका सामन्यात दोन देशांचं नशीब दिसलं असतं. साधा चार बाय तीनचा आणखी एक फळा, बारा पट्ट्या, आठव्या नावाखाली लाल रेघ. दुकानदाराला हे सांगितल्यावर त्याने लगेच होकार दिला, पैसे न वाढवता.

ऑपरेटर कामसू आहे, वेळेवर येतो, वायरी नीट टेपने चिकटवतो. पण करारात त्याची वेळ रात्री नऊ ते सकाळी सहा लिहिली आहे. सकाळी साडेसात-साडेआठचे सामने त्यात बसत नाहीत. सहानंतर तासाला दीडशे रुपये लागतील हे तोंडी सांगितलं जातं, कागदावर नाही. ते लिहून घ्यावं, नाहीतर एखाद्या सकाळी मध्यंतरातच तो आवरायला लागेल. प्रोजेक्टरचा फिल्टर रोज सकाळी पुसायची अटही लिहावी. बंद हॉल, सतरंज्यांची धूळ, रोज सहा-सात तास चालणं. फिल्टर तुंबला की यंत्र तापून आपोआप बंद होतं. सतरा दिवसांत हे होणारच, तीन दिवसांच्या लग्नात होत नाही.

परवानगीचा मुद्दाही कागदावर नाही. घरगुती डिशचं कनेक्शन सार्वजनिक ठिकाणी लावायला चालत नाही, त्याला व्यावसायिक कनेक्शन लागतं. दुकानदाराकडे कुठलं आहे ते विचारून घ्यावं. तिकीट लावलं, प्रायोजकाचा फलक लावला, तर तो व्यवसाय धरला जातो आणि प्रक्षेपणाच्या हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. सभासदांनी भाडं वाटून घेऊन आपल्याच हॉलमध्ये पाहणं हा सुटसुटीत मार्ग. फलकाचा मोह टाळावा.

चहा आणि भडंग दुकानदाराच्या पॅकेजमध्ये माणशी चाळीस रुपयांना आहे. घेऊ नये. चहा थर्मासमध्ये रात्री बाराला भरून येतो आणि साडेतीनच्या सामन्याला त्याला वास लागतो. हॉलवर गॅस आणि पातेलं ठेवून ताजा करावा, भडंग गणपती पेठेतून पोत्याने आणावं.

बुकिंगला त्याच्याकडे असे तीनच संच आहेत आणि दोन पडद्यांचे दोनच. पूर्ण सतरा दिवस परवडत नसतील तर २५ ते २८ जून एवढेच चार दिवस घ्यावेत. साडेबावीस हजारांच्या आसपास बसतात, जास्तीचा इन्व्हर्टर आणि सकाळचे ऑपरेटरचे तास धरून. त्या चार दिवसांतही एखादाच निवडायचा असेल तर २८ तारीख : रात्री अडीचला इंग्लंड आणि क्रोएशियाच्या गटाचे सामने, पाचला पोर्तुगाल-कोलंबिया आणि त्याच गटातला दुसरा, साडेसातला अर्जेंटिनाच्या गटाचे, आणि साडेनऊच्या सुमारास दुसऱ्या फळ्यावरची लाल रेघ पक्की होते. फोन करताना एवढंच विचारावं : बॉक्स दोन आहेत का, इन्व्हर्टर दोन आहेत का, आणि २८ च्या सकाळी दहापर्यंत माणूस थांबेल का. तिन्हीला हो असेल तर ॲडव्हान्स देऊन टाकावा.